ज्या पुस्तकात खुनी सापडत नाही

माझे वडील रहस्यकथा लिहायचे, हे देवपुरातल्या आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना सगळे नाना म्हणायचे, आम्हीही नानाच म्हणायचो. धुळ्याच्या कोर्टात ते बेंच क्लार्क होते. सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचे, पांझरेच्या पुलावरून सायकलनं जायचे, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या तंट्यांची कागदपत्रं लावायचे. पण त्याआधी, पहाटे, माय स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची तेव्हा, तिच्या बाजूला पाटावर बसून ते खून करायचे. हा आमच्या घरातला शब्द. "नाना उठले का?" "हो, खून करताहेत."

ही सवय त्यांना एका अमेरिकन लेखकानं लावली. नाना नोकरीला लागले तेव्हा पहिली नेमणूक पाचोऱ्याला होती. तिथं जंक्शनवर एक रद्दीवाला बसायचा, आणि प्रवाशांनी गाडीत सोडलेली इंग्रजी पुस्तकं त्याच्याकडे येऊन पडायची. नानांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. इंग्रजी वाचू शकणारा घरातला पहिला माणूस म्हणजे नाना, आणि हे इंग्रजी वाचून दाखवायला समोर कुणी नव्हतं. त्यांनी फाटक्या कव्हरचं एक पुस्तक उचललं. एका शहरात बर्फ पडतंय, एका बंद गोदामात प्रेत आहे, आणि एक जाडसर, दम लागणारा पोलीस जिने चढतोय. डिक्शनरी मांडीवर घेऊन नानांनी ते वाचलं. शेवटच्या पानापर्यंत खुनी ओळखता आला नाही, याचा त्यांना फार आनंद झाला होता.

पुस्तकाच्या मागे लेखकाचा फोटो होता. चष्मा, पडलेले खांदे, स्वेटर. खाली लिहिलं होतं की हा गृहस्थ एका विमा कंपनीत टायपिस्ट आहे आणि कामावर जाण्याआधी पहाटे लिहितो. नाना म्हणायचे, या दोन ओळींनी त्यांना धरलं. फोटोतला माणूस त्यांना साहेब वाटला नाही, कचेरीतला सहकारी वाटला. तेव्हापासून ते त्याला "आपला अमेरिकन" म्हणू लागले.

आपल्या अमेरिकनानं भराभर लिहिलं. स्वतःच्या नावानं लिहिलं, आणि प्रकाशक म्हणाला एवढी पुस्तकं एकाच नावावर खपत नाहीत, तेव्हा आणखी तीन-चार नावांनी लिहिलं. नाना ती सगळी नावं शोधून काढायचे. पाचोरा, भुसावळ, जळगाव, जिथं रद्दी दिसेल तिथं थांबायचे. दुसऱ्याच नावाखाली छापलेलं पुस्तक दहा पानं वाचून ते सांगायचे, हा आपलाच आहे. कारण विचारलं तर म्हणायचे, "याच्याकडे माणूस मेला की कुणीतरी आधी चूल बंद करायला जातं. दुसऱ्यांकडे सगळे प्रेताकडे धावतात."

नानांची पहिली पुस्तकं म्हणजे त्याच्याच गोष्टींची रूपांतरं होती. बर्फाच्या जागी धुळीचं वादळ आलं, बंदराच्या जागी भुसावळचं रेल्वे यार्ड. त्या काळात कुणी कुणाला विचारायचं नाही. पुण्याच्या एका प्रकाशकानं ती छापली. सरकारी नोकराला स्वतःच्या नावानं लिहिण्यात भानगड नको, म्हणून प्रकाशकानं स्वतःकडचं एक तयार नाव दिलं. ते नाव भारदस्त होतं, सदाशिव पेठेत शोभेल असं. नाना हसून म्हणायचे, "या नावाचा खराच माणूस असता, तर आमच्या वस्तीत पाणीसुद्धा प्याला नसता. आणि बघ, त्याचे खून मी करतोय." पुढं त्यांच्या स्वतःच्या गोष्टी आल्या. त्या नावाखाली वर्षाला चार-पाच पुस्तकं निघायची आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेली दिसायची. नाव प्रकाशकाचं होतं. त्या नावानं लिहिणारे नानांसारखे आणखी कुणी आहेत का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

कोर्टात रोज खरे खून समोर येत असताना ते अशा गोष्टी का लिहितात, असं मी कॉलेजात असताना विचारलं होतं. ते म्हणाले की खऱ्या खुनात रहस्य नसतं. बांधावरून भांडण, दारू, कुऱ्हाड. कुणी मारलं हे गावाला पहिल्या तासात माहीत असतं. प्रश्न एवढाच उरतो की साक्षीदार टिकतो का, आणि तो बहुधा टिकत नाही. "म्हणून मी घरी एकाला तरी धरतो," ते म्हणाले.

माझं लग्न होऊन मी जळगावला आले आणि तिथं शाळेत भूगोल शिकवू लागले. माझा धाकटा भाऊ माझ्याहून बराच लहान. तो नानांचा खरा वाचक. पुण्याहून प्रुफं आली की आधी तो वाचायचा आणि खुनी कुठल्या पानावर कळला ते पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. लवकर कळला तर नाना दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलायचे आणि मग मुकाट्यानं ते प्रकरण बदलायचे. पुढं त्याला जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात काम मिळालं. आठवडाभर माझ्याकडे राहायचा, शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवरून धुळ्याला जायचा.

एका शनिवारी, हिवाळ्यात, दिवस मावळताना, धुळ्याजवळ फागण्याच्या अलीकडे त्याला मागून कुठल्यातरी गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. कापूस वेचून घरी निघालेल्या बायांनी त्याला बाजूला घेतलं, पाणी पाजलं. दवाखान्यात पोहोचायच्या आत तो गेला. लग्न ठरवायचं चाललं होतं त्याचं.

बायांपैकी एक म्हणाली पिकअप होती. दुसरी म्हणाली मोठा ट्रक. रंग एकीला पांढरा दिसला, एकीला दिसलाच नाही. पोलिसांनी अज्ञात वाहनचालकावर गुन्हा नोंदवला आणि काही महिन्यांनी फाइल बंद करायला कोर्टात पाठवली. तिला अ-समरी म्हणतात. म्हणजे गुन्हा खरा आहे, आरोपी सापडत नाही. नानांनी नोकरीभर अशा कितीतरी फाइली लावल्या होत्या. ही आली तेव्हा ते निवृत्त झालेले होते. त्यांच्या जागी बसणाऱ्या माणसानं त्यांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि दोघंही त्या कागदाकडे पाहत बसले, असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी नाना घरी आले आणि मायला म्हणाले की फाइल बंद झाली. माय भांडी घासत होती. ती तशीच पाठमोरी बोलली. ती शाळेत गेलेली नाही, आमच्याशीही अहिराणीतच बोलते.

"तुम्ही पुस्तकमा बठ्ठासले पकडतस. मना आंडोरले कोनी मारं, तेवढं शोधी द्या."

माझ्या पोराला कुणी मारलं तेवढं शोधून द्या, हा टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की यांना जमेल.

नाना शोधायला लागले. धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत, पुढं एरंडोलपर्यंत, रस्त्याकाठचं एकेक गॅरेज त्यांनी गाठलं. एसटीनं जायचे, उतरायचे, चालायचे. गॅरेजवाल्याला विचारायचे की त्या आठवड्यात पुढचा दिवा फुटलेली गाडी आली होती का. गॅरेजवाले हसायचे नाहीत, पण सांगायचे की आबा, या रस्त्यावर दिवा न फुटलेली गाडी दाखवा. नाना ढाब्यांवर बसायचे, ड्रायव्हरांची बोलणी ऐकायचे. त्यांचा अमेरिकन पोलीस असाच माणसांत बसून राहायचा, आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात कुणीतरी नकळत काहीतरी बोलून जायचं. मला सुटी असली की मीही सोबत जायचे. त्यांना एकटं सोडवत नव्हतं. उन्हात त्यांचा चेहरा काळवंडला होता आणि बोलणं कमी कमी होत गेलं होतं.

पारोळ्याच्या बाहेर एका गॅरेजवाल्याला आठवलं. त्या रविवारी सकाळी सावद्याकडची एक केळीची पिकअप आली होती. डावा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला. ड्रायव्हर घाबरलेला होता, लवकर करा म्हणत होता आणि सारखा रस्त्याकडे पाहत होता. गॅरेजवाल्याला गाडीवर मागं लिहिलेलं देवीचं नाव आठवत होतं. नानांचा हात माझ्या दंडावर होता. तो एकदम घट्ट झाला.

आम्ही जळगावहून भुसावळ, फैजपूर करत सावद्याला गेलो. गाडीवरच्या नावावरून घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात पिकअप उभी होती आणि केळीच्या पानांचा ढीग पडला होता. ड्रायव्हर माझ्या भावाच्याच वयाचा होता. नानांनी सांगितलं की ते धुळ्याहून आलेत, आणि बसायला दिलेल्या खाटेवर बसून एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. तुम्ही पारोळ्याला कधी गेला होता? तो म्हणाला, कधीच नाही. बंपर नवीन कसा? तो म्हणाला, जुनाच आहे. मग गॅरेजवाल्यानं सांगितलं ते खोटं का? त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं बायकोकडे पाहिलं. हे सगळं मी नानांच्या पुस्तकांत शंभरदा वाचलं होतं, आणि माझी खात्री पटली की हाच. 

मग त्याची बायकोच पुढं आली. "खरं सांगून द्या," ती त्याला म्हणाली, आणि त्यानं सांगितलं. त्या रविवारी सकाळी त्याच्या गाडीखाली एक गाय आली होती. गाय मेली. लोक जमले तर जिवंत सोडणार नाहीत म्हणून तो पळाला. आम्ही गायीच्या मालकाकडून आलोत असं त्याला वाटलं होतं. आणि शनिवारी संध्याकाळी? शनिवारी त्याच्या पुतणीची हळद होती. बायकोनं मोबाइल आणला. त्यात व्हिडिओ होता, वर तारीख होती. मांडव, हळदीनं माखलेली पोरं, आणि मधोमध हा नाचतोय. बाहेर अजून उजेड आहे. माझा भाऊ रस्त्यावर पडला होता ती हीच वेळ.

नानांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मोबाइल परत दिला. मग आम्ही कोण आहोत ते त्यांनी सांगितलं. तो पोरगा उठून त्यांच्या पाया पडला आणि रडायला लागला. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या बायकोनं चहा केला आणि आम्ही तो प्यायलो.

परतताना एसटीत नाना खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. फैजपूर मागं पडल्यावर म्हणाले, "पुस्तक असतं, तर मी यालाच धरला असता."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"भीती होती, फुटलेला दिवा होता, खोटं बोलला. वाचकाला पटला असता पोरी. मलाही पटला होता."

त्यानंतर ते गॅरेजवर गेले नाहीत. लिहिणंही थांबलं. अर्धवट राहिलेल्या गोष्टीत एक व्यापारी मेला होता, आणि त्याला कुणी मारलं हे नानांना ठाऊक होतं. त्यांच्याकडून ते लिहवेना. प्रकाशकाचे फोन आले, मग बंद झाले. वर्षभरात एसटी स्टँडवर त्या नावाचं नवं पुस्तक टांगलेलं मला दिसलं. दुसरं कुणीतरी लिहायला लागलं होतं. मी ते नानांना नेऊन दिलं. द्यावं की नाही कळत नव्हतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय. वेग आहे." आणि ते कपाटात आपल्या पुस्तकांच्या ओळीत ठेवलं.

पुढं त्यांची दृष्टी कमी झाली. काचबिंदूचं निदान उशिरा झालं. छापलेलं वाचता येईना, तेव्हा मी त्यांना टॅब घेऊन दिला. त्यात अक्षरं बोटभर मोठी करता यायची. सगळ्यात आधी त्यांनी आपल्या अमेरिकनाची चौकशी केली. तो जिवंत होता, ऐंशीच्या पुढं, आणि अजून लिहीत होता. शंभराच्या वर पुस्तकं झाली होती. विमा कंपनीतली नोकरी केव्हाच सुटली होती, गोष्टींवर सिनेमे निघाले होते, तळ्याकाठी घर होतं. नवीन पुस्तकांना लोक आता थकलेली म्हणत होते. नानांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "थकणारच. जिने किती चढायचे त्या पोलिसानं?"

त्या उतारवयातल्या पुस्तकांपैकी एक ते फार सावकाश वाचत होते. मी दिवाळीच्या सुटीत धुळ्याला होते. एका दुपारी त्यांनी हाक मारली आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला सांगितलं. नीट वाचलं गेलं नसेल अशी त्यांना शंका होती. मी वाचलं. एका तरुण मुलीला रस्त्यात गाडीनं उडवलेलं असतं. म्हातारा पोलीस सगळं पुस्तकभर शोधत राहतो आणि त्याला कुणीच सापडत नाही. शेवटी तो मुलीच्या आईकडे जातो. ती कॉफी करते. दोघं स्वयंपाकघरात बसून ती पितात. तो उठतो आणि जातो. संपलं.

"पुढं नाही काही?"

"नाही."

नानांनी टॅब बाजूला ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "याच्या घरी काहीतरी झालेलं असणार. बघ बरं मोबाइलवर."

मी शोधलं. शोधायला फार लागलं नाही, त्यानं एका मुलाखतीत स्वतःच सांगितलं होतं. त्याची मुलगी अपघातात गेली होती. ठोकणारा कधीच सापडला नाही. पण ती गोष्ट जुनी होती, या पुस्तकाच्या वीसेक वर्षं आधीची.

नानांनी विचारलं की ती गेली त्या वर्षी त्याची पुस्तकं निघाली का. मी यादी काढली. दोन निघाली होती. पुढच्या वर्षीही दोन. त्यांतलं एक नानांकडे होतं आणि त्यांना ते चांगलं आठवत होतं. त्यात खुनी पकडला जातो, आणि शेवटच्या पानावर पोलीस विनोदही करतो.

"दोन," नाना म्हणाले. "त्यानं लिहिलं. मी थांबलो." त्यांचे डोळे माझ्या दिशेनं होते, पण मी त्यांना नीट दिसत नव्हते. "बरोबर कोण वागलं गं?"

मला एवढंच सुचलं की त्याला हे पुस्तक लिहायला वीस वर्षं लागली. ते मी बोलले. नाना म्हणाले, "तेवढी माझ्याकडे नाहीत."

संध्याकाळी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. स्वयंपाकघरात मायजवळ जाऊन बसले आणि ती सगळी गोष्ट तिला अहिराणीत सांगितली. मी दारात होते. माय लसूण सोलत ऐकत होती. अमेरिका कुठं, काय, हे तिनं विचारलं नाही. शेवटी कुणी सापडलं नाही म्हटल्यावर तिनं हातातला लसूण खाली ठेवला.

"तिनी मायनी काय करं मंग?"

"कॉफी करी," नाना म्हणाले.

मायनं मान हलवली. "दुसरं काय करी ती."

नाना गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कोर्टातली माणसं आली, नात्यातली आली, बुद्धवंदना झाली. वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरात त्यांनी ज्या नावानं लिहिलं ते नाव टाकावं असं मला वाटत होतं. मी पुण्याला फोन केला. जुने प्रकाशक हयात नाहीत, त्यांचा मुलगा व्यवहार बघतो. तो नीट बोलला, त्याला वाईटही वाटलं. पण म्हणाला की ते नाव आमच्या प्रकाशनाचं आहे, आजही त्यावर पुस्तकं निघतात, आणि लेखक वारले असं छापून आलं तर अडचण होईल. मी आग्रह धरला नाही. निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, असं छापून आलं.

माय आता माझ्याकडे जळगावला असते. त्या नावाची पुस्तकं हल्ली मोबाइलवर ऐकायला मिळतात, कुणी तरुण मुलगा छान वाचतो. मी दुपारी तिला एखादं लावून देते. तिला प्रमाण मराठी पूर्ण कळत नाही, खुनी कोण याच्याशी तिला घेणंदेणंही नाही. ती शेंगा फोडत ऐकते आणि मधूनच विचारते, "हाई त्यासनं शे का?"

हे नानांनी लिहिलेलं की दुसऱ्या कुणी, बरेचदा मलाही ओळखता येत नाही. ओळखू येतं तेव्हा मी हो म्हणते. नाही तेव्हा म्हणते, "थांब, पुढं ऐकू." आणि आम्ही दोघी ऐकत बसतो.